आधी कोणते? नालवाडीच्या चर्मालयावरून

आजकाल कोणत्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडावा, तर त्यात नफ्यातोट्याच्या आकड्यांशेजारी पाणी, हवा, कामगार व भोवतालची गावे यांविषयीचे संकल्पही छापलेले आढळतात. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली शाश्वत विकासाची १७ ध्येये ठरविली व त्यांच्या पोटात १६९ लक्ष्ये घातली. एवढ्या सगळ्यांना एकदम हात घालणे कोणत्याच धंद्याला शक्य नाही. मग आधी कोणते घ्यावयाचे? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही, आणि त्याच्या विचारासाठी वर्ध्याहून फार लांब जावयासही नको.

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीस विनोबा १९३२ साली राहावयास आले. तेथेच १९३५ साली गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालू केले. कातडे कोठून आणावयाचे, कशाने कमवावयाचे, सांडपाण्याचे काय करावयाचे, भाव किती लावावयाचा, असे प्रश्न या धंद्यात पावलोपावली असतात. चर्मालयाने त्यांतला एकच सर्वांच्या वर नेऊन ठेवला: कातडे घ्यावयाचे ते आपल्या मरणाने मेलेल्या जनावराचे, कत्तलीचे नव्हे. एवढे ठरले की पुढची कामे आपसूक रांगेला लागतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात मेलेले जनावर लवकर कुजते. म्हणून ते सोलण्याची सोय खेड्याजवळच हवी. सुरी वाकडी चालली की कातड्याला चिरा पडतात. म्हणून सोलणाऱ्याला शिक्षण हवे. उरलेल्या हाडामांसाचे खत व्हावे, म्हणजे काही वाया जाऊ नये.

याची किंमतही होती. म्हाताऱ्या, आजारी जनावराचे कातडे तरण्या जनावराच्या तोडीचे नसते. कोणत्याही अग्रक्रमाची आमची पारख हीच आहे, की त्यापायी काय सोडले ते दाखवा. ज्या यादीपायी काहीच सोडावे लागत नाही, ती जाहिरात होय.

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे व ती झाकून चालणार नाही. मेलेली ढोरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी जातीने मारले होते, त्यांनी ते टाकून द्यावे, असा आग्रह महाडच्या १९२७च्या परिषदेच्या काळापासून डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने धरला होता. एकाच कामात एकाला ग्रामोद्योग दिसत होता, दुसऱ्याला गुलामगिरीची खूण. हा धंदा कोणत्याही जातीच्या माणसाने करावा, असे ग्रामोद्योगवाल्यांचे उत्तर होते. ते प्रामाणिक होते. तथापि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती दुर्गंधी सोसली, त्यांचा शब्द आधी ऐकावयास हवा होता, असे आम्हांस वाटते.

आजच्या कंपन्या एक चौकट आखतात. उभ्या रेघेवर बाहेरच्या लोकांना काय महत्त्वाचे वाटते ते, आडव्या रेघेवर धंद्याला कशाची झळ बसेल ते. दोन्हींकडे जे वर येईल ते आधी घ्यावयाचे. सेबीने २०२२-२३पासून बाजारमूल्याने वरच्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना असा जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. २०१३च्या कंपनी कायद्यातील नफ्याच्या २ टक्क्यांची गोष्ट याहून निराळी. तेथे मिळविलेला पैसा कोठे द्यावा याचा विचार आहे. येथे तो कसा मिळविला याचा. लोक या दोहोंची सर्रास गल्लत करतात.

चौकट चांगली, पण बाहेरचे लोक म्हणजे कोण, हे कंपनीच ठरविते. आपल्याकडील साखर कारखान्याचेच पाहा. उसाला पाणी किती लागते हे चौकटीत सहज येते, कारण पाणी आटले तर गाळप थांबते. पण ऊस तोडणाऱ्या जोडप्याने उचल घेतलेली असते ती मुकादमाकडून. कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते. मग पाचटाच्या खोपीत राहणाऱ्या त्या बाईला प्यावयाचे पाणी, आडोसा व दुखण्यात एक दिवसाची रजा हवी आहे, हे कोणत्या रेघेवर मांडावयाचे? तिला विचारावयास फडावर जावे लागते, आणि हंगाम चालू असतानाच जावे लागते.