विश्लेषण : आजोबांचे शाईपेन पुन्हा लिहिते कसे होते? जुन्या पेनांचे सुटे भाग येतात कुठून?

कपाट आवरताना सापडलेले जुने पार्कर किंवा शेफर अनेक घरांत ‘आता चालत नाही’ म्हणून पुन्हा डब्यात जाते. प्रत्यक्षात अशा बहुतेक पेनांत बिघडलेला असतो तो काही सेंटीमीटर लांबीचा रबराचा तुकडा. तो आजही नवा मिळतो. मात्र तो बदलण्यासाठी पेन उघडताना बॅरल तडकली, तर तशी बॅरल आता कोणताही कारखाना बनवत नाही. त्यामुळे जुन्या पेनाच्या दुरुस्तीत कोणता भाग बदलायचा आणि कोणत्या भागाला धक्का लागू द्यायचा नाही, हे आधी ठरवावे लागते.

पेन बंद का पडते?

शाई भरण्याची यंत्रणा जवळजवळ प्रत्येक कंपनीची वेगळी होती. सुरुवातीच्या पेनांत ड्रॉपरने थेट बॅरलमध्ये शाई भरत. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या शेफर कंपनीने बॅरलच्या कडेला खटका दिला. तो उचलला की आतली पट्टी ‘सॅक’ नावाची रबरी पिशवी दाबते आणि सोडल्यावर पिशवी शाई ओढून घेते. पार्करने १९३३ मध्ये आणलेल्या ‘व्हॅक्युमॅटिक’ पेनात पिशवीऐवजी रबरी पडदा होता. जर्मनीच्या पेलिकनने १९२९ पासून दट्ट्याचे पेन विकले. त्या काळच्या दट्ट्याच्या पेनांत शाई अडवण्यासाठी बुचाची कडी वापरत. रबर आणि बूच ही दोन्ही नैसर्गिक द्रव्ये. काही दशकांत रबर कडक होऊन त्याचा भुगा होतो किंवा ते चिकट होते, तर बूच वाळून आकसते. सोने, पोलाद आणि एबोनाइट मात्र टिकून राहतात. म्हणजे बंद पडलेले पेन बहुतेक वेळा ‘मेलेले’ नसते.

कोणते भाग आजही नवे मिळतात?

सर्वात सोपी पिशवी. तिची मापे इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. १६ क्रमांकाची पिशवी म्हणजे १६/६४ इंच, अर्थात सुमारे ६.३५ मिलिमीटर जाडीची. ही पद्धत कंपन्यांच्या पलीकडे रूढ झाल्याने शंभर वर्षांपूर्वीच्या पेनालाही आजची पिशवी चालते. ती हवी तेवढी कापून पकडीच्या मागच्या तोटीवर लाखेने चिकटवतात आणि वरून शुद्ध शंखजिऱ्याची पूड लावतात. येथे लाखच वापरण्याला कारण आहे. थोडी ऊब दिली की ती सुटते, त्यामुळे पुढच्या वेळी पेन पुन्हा उघडता येते. झटपट चिकटणारा डिंक वापरला तर तो मार्ग कायमचा बंद होतो.

व्हॅक्युमॅटिकचे रबरी पडदे आणि खटक्याखालच्या पोलादी पट्ट्याही नव्याने बनतात. बुचाच्या जागी अनेकदा रबराची गोल कडी म्हणजे ओ-रिंग बसते. १९५२ मध्ये आलेल्या शेफरच्या ‘स्नॉर्केल’ पेनात निबखालून बारीक नळी बाहेर येते. त्यात पिशवी, ओ-रिंग आणि पुढचे सील असे तिन्ही बदलावे लागतात. तिन्ही मिळतात.

मग अडते कुठे?

टोपण, बॅरल, पकड, क्लिप आणि खटका येथे. वॉल-एव्हरशार्पचा पेनव्यवसाय १९५७ मध्ये पार्करकडे गेला आणि ते साचे इतिहासजमा झाले. कॉन्क्लिन, एस्टरब्रुक ही नावे आज बाजारात आहेत, पण ती नव्या मालकांची. नाव तेच असले तरी जुन्या पेनाचे आटे नव्या पेनाला जुळतीलच असे नाही. जुन्या एस्टरब्रुकची निब तिच्या जिभेसह स्क्रूसारखी फिरवून निघत असे. ती नव्या पेनात बसवण्यासाठी वेगळा अडॅप्टर काढावा लागला, यावरूनच हे लक्षात येते.

अशा वेळी भाग येतो तो दुसऱ्या पेनातून. निब तुटलेले पण टोपण धड असलेले, किंवा बॅरल तडकलेले पण यंत्रणा शाबूत असलेले पेन विकत घेऊन त्याचे भाग काढून ठेवतात. दुरुस्ती करणाऱ्यांकडे अशा भागांचे डबेच असतात. अडचण अशी की हा साठा वाढत नाही. एक पेन वाचवण्यासाठी दुसरे मोडावे लागते आणि दुर्मीळ मॉडेलच्या बाबतीत मोडायला दुसरे पेनच नसते. म्हणून जे पेन दुरुस्त होऊ शकते, ते सुट्या भागांसाठी मोडायचे नाही, हा चांगल्या कारागिराचा पहिला नियम.

नवा भाग लेथवर बनवता येत नाही का?

येतो, पण आकारापेक्षा आटे अवघड. टोपण एक-दीड फेऱ्यात उघडावे म्हणून अनेक पेनांवर एकाऐवजी तीन किंवा चार समांतर आटे कापलेले असतात. त्यांचा अंतराल बाजारातल्या नट-बोल्टच्या मापात बसत नाही. त्यामुळे कारागीर मूळ आटे मोजतो, त्या मापाचे आटे कापण्याचे हत्यार खास करून घेतो आणि मगच कातकाम सुरू करतो. एका टोपणासाठी हा खर्च पेनाच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो.

दुसरी अडचण द्रव्याची. काळे एबोनाइट, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेले रबर, आजही दांड्यांच्या रूपात मिळते. त्यातून पकड किंवा बॅरल उत्तम बनते. पण १९२० ते १९४० च्या दशकांतले रंगीबेरंगी, मोत्यासारखे चमकणारे सेल्युलॉइड वेगळे. ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे मिश्रण असून झटकन पेट घेते. त्याचा उद्योग बहुतांशी बंद पडला. नेमका तोच रंग आणि तीच नक्षी पुन्हा मिळणे जवळजवळ अशक्य असते. त्रिमितीय छपाईने भागाचा आकार करता येतो, मात्र त्यावरील थर दिसतात आणि बारीक आटे कच्चे राहतात.

निबचे काय?

वाकलेली निब सरळ करता येते. टोक झिजले असेल तर कठीण मिश्रधातूचा कण जोडून, चीर पुन्हा कापून आणि घासून नवे टोक देता येते. हे काम करणारे जगभरात मोजकेच आहेत. साधी पोलादी निब बदलणे स्वस्त, पण जुन्या १४ कॅरेटच्या निबेची लवचीकता तिच्यात येत नाही. अक्षर बदलते आणि आजोबांच्या पेनाची ओळख बहुतेकदा अक्षरातच असते.

भारतात ही विद्या शिल्लक आहे का?

आहे, आणि त्याला इतिहास आहे. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री येथे रत्नम यांनी १९३०च्या दशकात स्वदेशीच्या प्रेरणेने पेने बनवली, हे सर्वश्रुत आहे. हाताने लेथवर एबोनाइट कातून पेन घडवण्याची परंपरा भारतात अजून चालू आहे. ड्रॉपरने शाई भरायच्या या पेनांत पिशवी किंवा पडदा नसल्याने बिघडण्यासारखे फार थोडे असते. जीभ, पकड, आटे हे सारे हाताने करणाऱ्या कारागिराला परदेशी पेनाचा एबोनाइटचा भाग नवा नसतो. मात्र शहरांतले पेन दुरुस्त करणारे कमी झाले आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांचे भागांचे डबेही विखुरले आहेत.

दुरुस्तीने पेन बिघडते ते कसे?

सर्वाधिक नुकसान होते उघडताना. काही पेनांची पकड ओढून निघते, काहींची फिरवून. ओळख चुकली की बॅरल तडकते. लाख सैल करायला ५० ते ६० अंश सेल्सिअसची कोरडी ऊब पुरते. उकळत्या पाण्यात सेल्युलॉइड वाकते आणि एबोनाइटचा काळा रंग तपकिरी होतो. मेणबत्ती किंवा लायटर तर सेल्युलॉइडजवळही नेऊ नये. भागाची निवडही महत्त्वाची. फिकट रंगाच्या सेल्युलॉइडमध्ये साधी रबरी पिशवी घातली, तर तिच्यातून सुटणाऱ्या गंधकाच्या वायूने बॅरल आतून काळवंडते. अशा पेनांना सिलिकॉनची पिशवी बरी.

उलट, काही पेनांना हात न लावणेच योग्य. १९४१ मध्ये बाजारात आलेल्या ‘पार्कर ५१’ मध्ये आधी व्हॅक्युमॅटिकचा रबरी पडदा होता. १९४८ पासून त्यात प्लास्टिकची टिकाऊ पिशवी आली. ती आजही अनेक पेनांत शाबूत असते. असे पेन साध्या थंड पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले, तरी बरेचदा लिहू लागते.

पेन विकायचे असेल तर बदललेले भाग सांगणे हा प्रामाणिकपणाचा भाग. घरातच ठेवायचे असेल तर काढलेला जुना भाग पुडीत बांधून पेनाबरोबर ठेवावा. पुढे कोणाला तसाच भाग घडवायचा झाला, तर मापासाठी तोच एकमेव नमुना असू शकतो.