थर्मोकोलचा लेप, थिनरची वाफ

खालापूरच्या पावसाळी हवेत रेडिओच्या कॉइलला ओल लागू नये, वेढे हलू नयेत म्हणून काही हौशी मंडळी थिनरमध्ये थर्मोकोल विरघळवून घरीच लेप करतात. थर्मोकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवाच. त्यामुळे मोठा तुकडाही थोड्या थिनरमध्ये जिरतो. लेप वाळतो, म्हणजे थिनर हवेत उडतो. पावसामुळे खिडक्या बंद असतील, तर ही वाफ श्वासावाटे मेंदूपर्यंत पोहोचते. डोके जड होणे, गरगरणे, मळमळणे ही पहिली लक्षणे. कापडी मास्क वाफ अडवत नाही. हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या दिव्यानेही पेटू शकते. पेट्रोल तर वापरूच नये. त्यातील बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. काम उघड्या पडवीत, मुलांपासून दूर करावे. कोणी चुकून थिनर प्यायल्यास उलटी करवू नये. १०८ला फोन करावा.