टेंडर कुणाला लागलं यापेक्षा मोजणी कुणी केली ते विचारा

नव्या रस्त्याला पहिल्याच पावसात खड्डा पडला की टपरीवर निकाल लागतो, "टेंडरच मॅनेज होतं." कधीकधी ते खरंही असतं. पण टेंडर नेमकं कुठे वाकवता येतं आणि कुठे नाही, हे ठाऊक नसलं की राग भलत्याच टेबलावर निघतो. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि महापालिका रस्त्याचं काम ठेकेदाराला देतात त्याबद्दलचे काही पक्के समज इथे तपासून पाहू.

"नगरसेवकानं आपल्या माणसाला काम दिलं."

नगरसेवक काम सुचवतो, त्यासाठी निधी ओढून आणतो, भूमिपूजनाचा नारळही फोडतो. काम कुणाला द्यायचं हे मात्र कागदोपत्री त्याच्या हातात नसतं. कनिष्ठ अभियंता जागेवर मापं घेतो आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक बनवतो. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, आणि त्यानंतर निविदा. महापालिकेत मोठ्या रकमेची निविदा स्थायी समितीपुढे जाते. प्रशासक असेल तेव्हा तोच सही करतो. नगरसेवकाचा पालिकेच्या कंत्राटात हिस्सा निघाला तर कायद्यानं त्याचं पद जाऊ शकतं.

'आपला माणूस' आत येतो तो अटींच्या दारानं. निविदेत "हॉटमिक्स प्लांट कामापासून अमुक किलोमीटरच्या आत हवा" अशी अट असते. तिला तांत्रिक कारण आहे, लांबून आणलेला डांबरी माल वाटेत थंड होतो आणि नीट दबत नाही. पण तालुक्यात त्या अंतरात एकच प्लांट असेल, तर ती अट कुणासाठी लिहिली हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. "जागेची पाहणी केल्याचा अभियंत्याचा दाखला जोडा" ही अटही तशीच. दाखला द्यायचा की नाही हे साहेबांच्या मर्जीवर, आणि कोण कोण निविदा भरणार हे मुदतीआधीच फुटलेलं.

"सगळ्यात कमी दर भरणारा जिंकतो, म्हणून रस्ते असे."

अर्धं खरं. बहुतेक मोठ्या निविदा दोन लिफाफ्यांच्या असतात. पहिल्यात कागदपत्रं: नोंदणी, पूर्वी केलेली कामं, उलाढाल, यंत्रसामग्री, बयाणा रक्कम. यात जो नापास झाला त्याचा दराचा लिफाफा उघडतच नाहीत. उरलेल्यांत सर्वांत कमी दराचा तो 'एल-वन'. त्यालाही काम मिळण्याचा जन्मसिद्ध हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात स्पष्ट केलं आहे की, सरकारी संस्था सबळ कारण असेल तर सर्वांत कमी दराची निविदाही नाकारू शकते.

'बिलो' दराबद्दलही असंच. आपल्याकडची बी-१ नमुन्याची निविदा टक्केवारीची असते. पालिकेच्या अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के वर किंवा खाली, एवढंच ठेकेदार सांगतो. एक कोटीच्या कामाला २२ टक्के बिलो म्हणजे ७८ लाख. अंदाजपत्रकात ठेकेदाराचा नफा धरलेला असतो, आणि दरसूचीतला खडीचा भाव व खाणीवरचा भाव एकच असतो असंही नाही. म्हणून आठ-दहा टक्के बिलोत चांगलं काम होऊ शकतं. त्याखाली जाणाऱ्याकडून जादा सुरक्षा अनामत घेण्याचा नियम आहे; दर जितका खाली, अनामत तितकी मोठी. तरीही पंचवीस-तीस टक्के खाली जाणारे असतात. ते तोटा खायला आलेले नसतात. मग पैसे कुठून काढतात?

मोजमाप पुस्तकातून. ऑफिसात त्याला सगळे 'एमबी' म्हणतात. पाचशे मीटर लांब, सहा मीटर रुंद रस्ता आणि पाच सेंटिमीटरचा डांबरी थर घ्या. गुणाकार केला की १५० घनमीटर. थर प्रत्यक्षात चार सेंटिमीटरचा पडला तर १२० घनमीटर. तीस घनमीटरचा फरक म्हणजे सुमारे ७० टन माल, चार-पाच हायवा गाड्या भरतील एवढा. रस्ता वरून तसाच काळा आणि गुळगुळीत दिसतो. एमबीत 'जाडी' या रकान्यात ०.०५ लिहिलं की बिल पूर्ण निघतं, आणि त्या थरापुरते वीस टक्के सुटतात. २२ टक्के बिलो आता तितकं अवघड वाटत नाही.

ही चोरी पकडायला फार मोठं शास्त्र लागत नाही. कोअर कटरनं रस्त्यातून गोल तुकडा काढायचा आणि पट्टीनं मोजायचा. प्रश्न इतकाच की तुकडा कुठून काढायचा हे कोण ठरवतं आणि तो काढताना कोण हजर असतं. त्रयस्थ संस्थेकडून तपासणी हा त्यावरचा उपाय. मात्र मुंबईच्या २०१६ च्या रस्ते घोटाळ्यात ठेकेदारांबरोबर त्रयस्थ तपासणी करणाऱ्यांवरही गुन्हे दाखल झाले होते, हे विसरू नये.

"आता सगळं ऑनलाइन आहे, संगनमत संपलं."

ठरावीक रकमेवरची कामं 'महाटेंडर्स' पोर्टलवर टाकावीच लागतात. ही मर्यादा बरीच वर्षं ३ लाख होती, पुढे १० लाख झाली. आणि मर्यादा आली की तिच्या खाली बसणारे तुकडेही आले. एकाच गल्लीचे 'अमुक यांचे घर ते तमुक यांचे घर' असे तीन रस्ते यादीत दिसले की समजावं.

ऑनलाइनमुळे फायदा नक्की झाला. निविदेची पेटी पळवणं आणि फॉर्म घ्यायला आलेल्याला कार्यालयाच्या दारात अडवणं थांबलं. पण तिघांनी आधीच बसून कोण किती भरणार हे ठरवलं, तर संगणक काय करणार? २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रियेच्या निविदांत संगनमत केल्याबद्दल काही कंपन्यांना दंड केला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून भरल्याचं त्यात निघालं. म्हणजे पोर्टलनं संगनमत थांबवलं नाही, पुरावा तेवढा मागे ठेवला.

निविदांचा विषय निघाला की पुण्यातल्या, वर्षानुवर्षं टिकलेल्या जंगली महाराज रस्त्याचा दाखला हमखास येतो. १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीनं दहा वर्षांची हमी देऊन तो केला, आणि ते काम निविदा न मागवता दिल्याची हकिकत पुण्यात प्रसिद्ध आहे. त्यावरून निविदाच नकोत म्हणणारे भेटतात. त्यांनी निविदेविना दिलेल्या बाकीच्या कामांचीही यादी काढावी.

"वर्क ऑर्डर निघाली, आता काम होणारच."

मुंबई महापालिकेनं २०२३ च्या सुरुवातीला ३९७ किलोमीटर काँक्रीट रस्त्यांची सुमारे ६ हजार कोटींची कामं पाच गटांत दिली. त्याआधीच्या निविदा पुरेसा प्रतिसाद नाही म्हणून रद्द कराव्या लागल्या होत्या. दिलेल्या पाचांपैकी दक्षिण मुंबईचं कंत्राट त्याच वर्षअखेरीस काम सुरू न झाल्यानं रद्द झालं. थोडक्यात, आदेशाचा कागद हातात पडला तरी रोलर येतोच असं नाही.

"बिल घेतलं की ठेकेदार सुटला."

सुटत नाही, सोडला जातो. प्रत्येक करारात दोष दायित्व कालावधी असतो. तेवढ्या काळात पडलेला खड्डा ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं बुजवायचा असतो, आणि त्याची अनामत त्यासाठीच अडकवलेली असते. गोंधळ होतो तो मधेच कुणीतरी केबल किंवा पाइपसाठी चर खणला की. मग ठेकेदार म्हणतो, खड्डा माझा नाही. खोदाईची परवानगी कुणी दिली, चर कुणी भरला, याची फाइल दुसऱ्याच खात्यात असते.

मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये ही जबाबदारी रुपयांत मांडली. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख भरपाई, आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करायची.

आपल्या दारातल्या रस्त्याबद्दल शंका असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. "भ्रष्टाचार झाला का?" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबीची संबंधित पानं, कोअरच्या चाचणीचे अहवाल आणि दोष दायित्वाची शेवटची तारीख, हे पाच कागद मागा. कायद्यातल्या 'माहितीच्या अधिकारा'च्या व्याख्येत कामाची पाहणी करणं आणि सामग्रीचे प्रमाणित नमुने घेणं हेही येतं. म्हणून अर्जात एक ओळ वाढवा: कोअर आमच्या समोर काढावा.