कोणाला धरायचं, कोणाला सोडायचं?

गावात कबड्डीचे सामने लागले, की फायनलच्या आदल्या रात्री पारावर काय बोलणं चालतं ते वाचकांना नव्याने सांगायला नको. समोरचा चढाईबहाद्दर डाव्या अंगाने येतो की उजव्या, त्याला कोपऱ्यात गाठायचा की मध्यापर्यंत येऊ द्यायचा, बोनस घेऊ द्यायचा की नाही. खेळणारी पोरं सात आणि सल्ला देणारे सत्तर! पण त्या सत्तरांतले पाच-सहा जण असे असतात, की त्यांचं बोलणं संघाच्या कप्तानानेही कान देऊन ऐकावं.

अगदी असाच पार अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात दर मार्च महिन्यात भरतो. फरक इतकाच, की तिथे कबड्डी नाही, कॉलेजांचा बास्केटबॉल असतो. इंडियाना म्हणजे मका आणि सोयाबीनचा मुलूख. धान्याच्या कोठाराच्या भिंतीवर लोखंडी रिंग ठोकायची आणि कामं आटोपली की पोरांनी चेंडू टाकत बसायचं, ही तिथली जुनी रीत. १९५४ साली मिलान नावाच्या खेड्यातल्या, जेमतेम दीडशे-एकशे साठ विद्यार्थ्यांच्या शाळेने राज्याची स्पर्धा जिंकली. मन्सी सेंट्रल या मोठ्या शाळेला त्यांनी ३२-३० असं हरवलं आणि त्या सामन्यात चार मिनिटांहून जास्त वेळ चेंडू नुसता हातात धरून उभे राहिले. घाई करायची नाही, हा त्यांचा डाव. तिकडची म्हातारी माणसं अजून त्यावर बोलतात.

आता शेतीच्या पानावर हा खेळ कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं कारण ज्या दोन विद्यापीठांची ही गोष्ट आहे, ती दोन्ही मुळात शेतीची. अमेरिकेत १८६२ साली एक कायदा झाला. राज्यांना सरकारी जमीन द्यायची आणि तिच्या पैशातून शेतीचं व यंत्रविद्येचं शिक्षण देणारी कॉलेजं काढायची. इंडियानात त्यातून १८६९ साली पर्ड्यू विद्यापीठ निघालं. कनेटिकट राज्यात १८८१ साली स्टॉर्स गावी शेतकी शाळा सुरू झाली, तीच पुढे कनेटिकट विद्यापीठ झाली. आजही त्या विद्यापीठाच्या आवारात स्वतःच्या गाईंच्या दुधाचं आइस्क्रीम मिळतं आणि लोक रांगा लावून खातात. १९१४च्या कायद्याने या विद्यापीठांना विस्ताराचं काम जोडलं गेलं, म्हणजे आम्ही करतो तेच. इंडियानाच्या ९२ही जिल्ह्यांत पर्ड्यूचं विस्तार कार्यालय आहे. आपल्याकडे १९६० साली पंतनगरला पहिलं कृषी विद्यापीठ याच धर्तीवर निघालं, त्याला इलिनॉय विद्यापीठाची मदत होती आणि १९६८ साली आपलं राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आलं. तेव्हा नातं लांबचं असलं तरी भाऊबंदकीतलंच आहे!

खेळ थोडक्यात सांगतो. एका वेळी पाच जण. दहा फुटांवर रिंग. जवळून चेंडू टाकला तर दोन गुण, सुमारे २२ फुटांवरच्या रेषेबाहेरून टाकला तर तीन. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. पाच फाऊल झाले की तो गडी बाहेर. स्पर्धेत ६८ संघ असतात, चार गटांत १ ते १६ असे क्रमांक लावलेले, आणि एकदा हरला की घरी. दुसरी संधी नाही. म्हणून तर सामन्याआधी इतकी डोकेफोड.

पर्ड्यूच्या लोकांची डोकेफोड २०२३ पासून फार वाढली. त्यांच्याकडे झॅक ईडी हा टोरांटोचा पोरगा होता, सात फूट चार इंच उंच. हात वर केला की रिंग जवळजवळ हाताशी. त्या वर्षी पर्ड्यूला गटात पहिला क्रमांक मिळाला. पहिल्याच सामन्यात गाठ पडली सोळाव्या क्रमांकाच्या, न्यू जर्सीच्या फेअरली डिकिन्सन विद्यापीठाशी. हा संघ आदल्या वर्षी २६पैकी चारच सामने जिंकलेला. आपल्या विभागाची फायनलही तो एका गुणाने हरला होता. पण जिंकलेला संघ नियमानुसार राष्ट्रीय स्पर्धेला पात्र नव्हता, म्हणून यांची वर्णी लागली. साडेतीनशेहून जास्त संघांत सर्वांत बुटका संघ हाच!

त्यांचे प्रशिक्षक टोबिन अँडरसन यांनी खेळाडूंना उघडच सांगितलं, की पर्ड्यूचा खेळ जितका बघतो तितकं वाटतं, आपण यांना हरवू शकतो. ते ऐकून बाहेरची माणसं हसली. पण त्यांचा डाव नीट बघा. ईडीच्या पुढे एक गडी, मागे एक गडी, म्हणजे त्याच्यापर्यंत चेंडूच पोचू द्यायचा नाही. बाकीच्यांनी मैदानभर धावत चेंडू आणणाऱ्याच्या अंगाशी राहायचं. आणि लांबून चेंडू टाकणारे? त्यांना मोकळं सोडायचं. टाका म्हणायचं, बघू किती पडतात ते.

पडले नाहीत. पर्ड्यूने लांबून २६ वेळा चेंडू टाकला, रिंगेत गेला पाच वेळा. सोळा वेळा चेंडू हातचा घालवला. ईडीला सगळ्या सामन्यात अकराच प्रयत्न मिळाले. बुटक्यांचा शॉन मूर १९ गुण करून गेला आणि ६३-५८ असा निकाल लागला. पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या क्रमांकाचा संघ सोळाव्याकडून हरण्याची ही इतिहासातली दुसरीच वेळ. पर्ड्यूचं दुखणं एवढ्यावर नव्हतं. २०२१ साली ते तेराव्या क्रमांकाच्या संघाकडून हरले होते, २०२२ साली पंधराव्याकडून, आणि आता सोळाव्याकडून. दरवर्षी पीक चांगलं यावं आणि काढणीलाच गारपीट व्हावी, तसं.

त्यांच्या जागी दुसरं गाव असतं तर प्रशिक्षकाला आधी घरी पाठवलं असतं. पर्ड्यूने मॅट पेंटर यांना ठेवलं, ईडीही थांबला. मला यात त्यांचा शहाणपणा दिसतो. कारण दोष ईडीत नव्हता, त्याच्या भोवतीच्या मोकळ्या सोडलेल्या पोरांना चेंडू टाकता आला नव्हता यात होता. पुढच्या वर्षभरात त्यांनी नेमकं तेच सुधारलं. लान्स जोन्स हा नवा खेळाडू आणला. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर एका वर्षाने जाणते झाले. २०२४मध्ये लांबून चेंडू टाकण्यात पर्ड्यू देशातल्या अव्वल संघांत गेला, शंभर टाकले तर चाळीसच्या आसपास पडायचे. आता ईडीवर दोघे सोडले की चेंडू बाहेर यायचा आणि तीन गुण. १९८० नंतर पहिल्यांदा संघ शेवटच्या चारांत पोचला, तिथून फायनलला. त्याआधीच्या टेनेसीविरुद्धच्या सामन्यात एकट्या ईडीने ४० गुण केले होते.

फायनल होती ८ एप्रिल २०२४ रोजी, अॅरिझोनातल्या ग्लेनडेल इथे. मैदानाचं नाव ‘स्टेट फार्म’, पण ते सरकारी शेत नव्हे, विमा कंपनीचं नाव आहे. शेतकऱ्यांच्या मोटारींचा विमा उतरवायला १९२२ साली एका शेतकऱ्यानेच काढलेली ती कंपनी. त्याच दिवशी दुपारी इंडियानात खग्रास सूर्यग्रहण दिसलं. दुपारी माना वर करून ग्रहण बघायचं आणि रात्री टीव्हीसमोर बसायचं, असा तो दिवस. सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे ९ एप्रिलची सकाळ उजाडली होती, गुढीपाडव्याची.

समोर होता कनेटिकट, आदल्या वर्षीचा विजेता. त्यांच्याकडेही डोनोव्हन क्लिंगन हा सात फूट दोन इंचांचा गडी होता. शिवाय हा संघ भलता तापलेला. शेवटच्या आठ संघांच्या फेरीत त्यांनी इलिनॉयला (होय, पंतनगरला मदत करणारं तेच इलिनॉय) अशी मिठी मारली, की सलग ३० गुण आपले आणि समोरच्याचा शून्य.

सामन्याआधीच्या दिवसांत दोन्हीकडच्या चाहत्यांची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत होती. ईडीचं काय करायचं? एका बाजूचं म्हणणं, न्यू जर्सीच्या बुटक्यांनी वाट दाखवली आहे, दोघे घाला त्याच्यावर. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तो पर्ड्यू आता राहिला नाही, दोघे घातले तर बाहेरचे तिघे मारतील. पर्ड्यूच्या चाहत्यांचा भर वेगळ्याच गोष्टीवर: ईडीला लवकर लवकर चेंडू द्या, क्लिंगनला फाऊल करायला लावा, तो बाकावर बसला की मैदान आपलं. हा विचारही खोटा नव्हता. ईडीला अडवताना फाऊल होणं हे वर्षभर चाललेलंच होतं.

आता हिशेब मांडून बघू. आपण खताचा मांडतो तसाच. लांबून शंभर चेंडू टाकले आणि चाळीस पडले तर १२० गुण. जवळून शंभर टाकले आणि पन्नास पडले तर १०० गुण. म्हणजे ईडीसमोर एकच उंच गडी ठेवून त्याला निम्म्यावर रोखता आलं, तर त्याला खेळू देणं हे बाहेरच्यांना सोडण्यापेक्षा स्वस्त पडतं. पण ही स्वस्ताई कोणाला? ज्याच्याकडे क्लिंगन आहे त्याला. न्यू जर्सीच्या संघाकडे असा गडी नव्हता, म्हणून त्यांना दोघे घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुसऱ्याच्या रानात जे वाण पिकलं ते आपल्या रानात पिकेलच असं नाही, हे आम्ही शेतकऱ्यांना सांगतो ना, तोच प्रकार.

कनेटिकटचे प्रशिक्षक डॅन हर्ली यांनी ठरवलं, ईडीला एकटा क्लिंगन बघेल. बाकी चौघांनी आपापला गडी सोडायचाच नाही, ईडीकडे चेंडू गेला तरी तिकडे धावायचं नाही. सांगायला सोपं, करायला फार कठीण. शेजारी घर जळताना आपल्या दारात उभं राहायचं, असं ते आहे. कबड्डीत कसलेला कप्तान म्हणतो, त्याला एकेक गुण घेऊ दे पण लोण नको, त्यातलाच हा डाव.

ईडीने ३७ गुण केले. पंचवीस प्रयत्नांत पंधरा वेळा चेंडू आत. म्हणजे निम्म्यावर रोखायचा हिशेब काही साधला नाही, तो साठ टक्क्यांवर गेला. पण दुसरी बाजू बघा. वर्षभर लांबून मारणाऱ्या पर्ड्यूला सगळ्या सामन्यात लांबून सातच प्रयत्न मिळाले, पडला एक. संघाचे एकूण गुण ६०. त्यातले ३७ वजा केले तर उरतात २३, बाकी सगळ्यांचे मिळून. मध्यंतराला ३६-३० असा सामना रंगात होता. नंतर कनेटिकटने तो हातचा जाऊ दिला नाही, ७५-६० ने जिंकला आणि सलग दुसऱ्या वर्षी विजेता झाला. ट्रिस्टन न्यूटनने त्यांच्याकडून २० गुण केले. हा बेत आधीच ठरलेला होता, बाहेरच्यांना रोखलं की ईडीने कितीही केले तरी चालेल, असं हर्लींनी सामन्यानंतर सांगितलंही.

काही जणांनी नंतर पर्ड्यूला नावं ठेवली, की सारखा ईडीलाच चेंडू का दिला. मला ते पटत नाही. समोर एकटाच गडी उभा असताना आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला चेंडू न देणं, हे कुठल्या पारावर कबूल होईल? चूक असलीच तर इतकीच, की बाहेरच्या पोरांनी जागा बदलत, पळत स्वतःची वाट काढायला हवी होती, ती काढली नाही. किंवा कनेटिकटने काढू दिली नाही. हे दुसरंच जास्त खरं असावं.

ईडी त्यानंतर व्यावसायिक संघात गेला, क्लिंगनही गेला. २०२५च्या मार्चमध्ये पर्ड्यू पुन्हा स्पर्धेत होता, या वेळी उंच गडी नसलेला आणि स्मिथच्या भरवशावरचा. इंडियानापोलिसमध्ये, म्हणजे घरच्याच राज्यात, ह्युस्टनशी गाठ पडली. ६०-६० बरोबरी, शेवटचे दोन-अडीच सेकंद. ह्युस्टनचा मिलोस उझान रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला उभा. पर्ड्यूच्या पोरांचं लक्ष आतल्या चौघांवर. उझानने चेंडू आत दिला आणि स्वतःच आत धावला. ज्याला दिला त्याने तो पुन्हा त्याच्याच हातात टाकला. बाहेर उभा असलेला गडी क्षणभर कोणीच धरला नव्हता. ६२-६०.