दगड मंगळाचा, वाळू नायजरची

१६ जुलै २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावघरात एका पिल्लू डायनासोरचा सांगाडा ३ कोटी डॉलरच्या वर गेला. त्याच लिलावात २४.६७ किलोचा एक तांबूस-तपकिरी दगड सुमारे ५३ लाख डॉलरना विकला गेला. म्हणजे ग्रॅमला साधारण २१५ डॉलर. त्या दिवसांतल्या सोन्याच्या दुप्पट. दगड मंगळावरचा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो नायजर देशाच्या आगादेझ भागातल्या वाळवंटात सापडला होता, आणि पृथ्वीवर मिळालेला मंगळाचा एवढा मोठा तुकडा दुसरा नाही.

बातम्या किमतीच्या झाल्या. नायजरमध्ये मात्र प्रश्न वेगळा विचारला गेला: हा दगड आमच्या हद्दीबाहेर गेलाच कसा? सरकारने चौकशी लावली आणि मौल्यवान व अर्धमौल्यवान खडे आणि अशनी यांच्या निर्यातीला स्थगिती दिली. निर्यात सगळे नियम पाळून झाली, असं लिलावघराचं म्हणणं. विकत घेणाऱ्याचं नाव बाहेर आलं नाही.

शब्दाचं आधी उरकून घेऊ. आकाशात सर्रकन जाते ती उल्का. जळून-वितळून जे उरतं आणि जमिनीवर पोचतं, तो अशनी. बाजार असतो तो अशनींचा. या बाजाराबद्दलच्या काही ठाम समजुती मी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की त्यांना एकेक करून भेटणंच बरं.

"आभाळातून पडलं, ज्याला सापडलं त्याचं"

ऐकायला न्याय्य वाटतं. पण आभाळातून पडलेली वस्तू कुठल्यातरी जमिनीवर पडते, आणि जमिनीला कायदा असतो. अमेरिकेत खासगी रानात अशनी सापडला तर तो सापडणाऱ्याचा नव्हे, जमीनमालकाचा. तिथल्या सरकारी जमिनींपैकी काहींवर स्वतःपुरते वर्षाला १० पौंड, म्हणजे साडेचार किलो गोळा करता येतात. विकण्यासाठी मात्र नाही. ऑस्ट्रेलियात १९८६ च्या सांस्कृतिक वारसा कायद्यामुळे अशनी परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. नामिबियातला होबा हा ६० टनांच्या आसपासचा लोखंडी अशनी १९५५ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. (तो चोरीला जाण्याची भीती तशी नव्हतीच, भीती होती छिन्नी-हातोडा घेऊन येणाऱ्या पर्यटकांची.)

अर्जेंटिनाची गोष्ट थोडी रंगतदार आहे. तिथल्या काम्पो देल सिएलो या भागात, म्हणजे शब्दशः 'आभाळाच्या रानात', काही हजार वर्षांपूर्वी लोखंडी अशनींचा वर्षाव झाला. हे वाळवंट नव्हे, कोरडं झुडपी जंगल. १९९० मध्ये एका अमेरिकी विक्रेत्याने तिथला सुमारे २९ टनांचा 'एल चाको' उचलून न्यायचा प्रयत्न केला आणि तो अडवला गेला. अशनी ही सांस्कृतिक ठेव आहे असं सांगणारा राष्ट्रीय कायदा २००७ मध्ये आला. तरीही २०१५ मध्ये चौघांना टनाहून अधिक अशनींसह ट्रकमध्ये पकडलं. कायदा झाला म्हणून ट्रक थांबत नाहीत. पण अडवायला कारण तरी मिळतं.

नायजरसारख्या देशांची अडचण इथेच आहे. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या युनेस्कोच्या १९७० च्या करारात दुर्मीळ खनिज नमुने येतात, 'अशनी' हा शब्द येत नाही. देशांतर्गत कायद्यांतही तो बहुतेक वेळा नसतो. मग वकिलांना खेळायला मोकळं मैदान.

"वाळवंटात उल्का जास्त पडतात"

नाही पडत. त्या सगळीकडे सारख्याच पडतात: समुद्रात, कोकणातल्या जांभ्यावर, विदर्भातल्या कपाशीत. पण आपल्या पावसात अशनीतलं लोखंड गंजतं, दगड भुसभुशीत होतो, वर गवत येतं आणि खेळ संपतो. कोरड्या वाळवंटात तोच दगड हजारो वर्षं टिकतो, आणि फिकट खडीवर काळा ठिपका लांबून दिसतो. अंटार्क्टिकाही याच अर्थाने वाळवंट. तिथे पांढऱ्या बर्फावर काळे दगड वेचले जातात, पण ते संशोधनासाठी सांभाळले जातात, बाजारात येत नाहीत. बाजाराला माल पुरवते ती सहारा.

"तस्करी म्हणजे रात्रीचं विमान आणि बंदूकधारी टोळी"

असं असतं तर पकडणं सोपं झालं असतं. प्रत्यक्षात साखळीचं पहिलं टोक बहुधा एखादा उंटपाळ किंवा मेंढपाळ असतो. त्याला ओळखीचा नसलेला काळा दगड दिसतो, जवळचं लोहचुंबक लावून तो बघतो आणि दगड झोळीत टाकतो. त्याच्याकडून पुढच्या गावातला व्यापारी घेतो. माली, अल्जीरिया, नायजर यांच्या सीमा तिथे वाळूतल्या रेषा आहेत. जनावरं त्या रोज ओलांडतात, दगडही ओलांडतात. बरेचसे दगड शेवटी मोरोक्कोतल्या एर्फूद, रिसानी अशा गावांत पोचतात. या व्यवसायात तिथे पिढी गेली आहे. तिथून पुढे अमेरिकेतलं टूसॉन, जर्मनीतलं म्युनिक, फ्रान्समधलं एन्सिशाइम इथले खनिजांचे मेळे, आणि क्वचित कधी लिलावघर.

या सगळ्यात कायदा नेमका कुठे मोडला? उंटपाळाने काही चोरलं नाही. मोरोक्कोत परवान्याने हा व्यापार चालतो. मेळ्यातला विक्रेता पावती दाखवतो. प्रत्येक जण आपापल्या जागी बऱ्यापैकी निर्दोष आणि एकूण प्रवास मात्र संशयास्पद, असा हा मामला आहे.

आणि त्यावर शिक्कामोर्तब करतं ते नाव. लिलावातल्या त्या दगडाचं अधिकृत नाव आहे 'एनडब्ल्यूए १६७८८'. एनडब्ल्यूए म्हणजे नॉर्थवेस्ट आफ्रिका. अशनीला सहसा तो सापडला त्या जागेचं नाव देतात. पण सहारातून आलेल्या हजारो दगडांची जागा कुणी सांगेना, सांगितली तर खरी असेल याची खात्री नसे. म्हणून अशनींना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने वायव्य आफ्रिका हे एकच सामाईक नाव आणि पुढे क्रमांक अशी सोय केली. आकडा आता सोळा हजारांच्या पुढे आहे. सोय प्रामाणिक हेतूने केलेली. पण परिणाम असा की दगडाचा देशच नावातून गायब.

"दगड तोच, कुठे सापडला याने काय बिघडतं?"

बिघडतं, आणि माझ्या मते या धंद्यातलं खरं नुकसान हेच आहे. पैशाचा हिशेब नंतरचा.

ऑक्टोबर २००८ मध्ये चारेक मीटरचा एक लघुग्रह पृथ्वीवर आदळण्याच्या जेमतेम २० तास आधी दुर्बिणीतून दिसला. असं पहिल्यांदाच घडत होतं. तो सुदानच्या नुबियन वाळवंटावर फुटला. डिसेंबरमध्ये खार्टूम विद्यापीठाचे अध्यापक मुआविया शद्दाद आणि नासाशी संलग्न खगोलशास्त्रज्ञ पीटर जेनिस्केन्स विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेले. पोरं-पोरी एका ओळीत, थोड्या थोड्या अंतरावर उभी राहिली आणि रानात खुरपायला माणसं पात धरून चालतात तशी पुढे सरकू लागली. काळा दगड दिसला की हाक, दगडाजवळ फोटो, जागेची नोंद, मग पिशवी. पुढच्या मोहिमा धरून सुमारे ६०० तुकडे मिळाले. जवळच्या रेल्वे थांब्यावरून त्यांना नाव मिळालं अल्महाता सित्ता, म्हणजे सहावं स्टेशन.

गंमत पुढेच आहे. तुकडे तपासले तर ते एका जातीचे नव्हतेच. अगदी वेगवेगळ्या घडणीचे दगड एकाच लघुग्रहातून आले होते. म्हणजे तो लघुग्रह निरनिराळ्या जागच्या ढिगाऱ्यांचं गाठोडं होता. हे कळलं ते केवळ सगळे तुकडे एकाच पट्ट्यात पडलेले नोंदवले होते म्हणून. हेच दगड पाच व्यापाऱ्यांच्या पोत्यांतून पाच मेळ्यांत गेले असते, तर त्यांना पाच वेगळे क्रमांक मिळाले असते. ते एका घरचे आहेत असं म्हणणाऱ्याला लोक हसले असते.

लोहचुंबकाचंही असंच. झोळीतलं चुंबक ही शिकाऱ्याची हुशारी. बहुतेक अशनींत लोखंड असतं, चुंबक चिकटतं, काम झालं. पण जोरदार चुंबकाचा तेवढा एक स्पर्श दगडातली कोट्यवधी वर्षांची चुंबकीय नोंद पुसून टाकतो. 'ब्लॅक ब्यूटी' या टोपणनावाचा मंगळाचा काळा दगड, एनडब्ल्यूए ७०३४, आणि त्याचे भाईबंद यांच्याबाबत हे घडल्याचं २०२३ मध्ये दाखवण्यात आलं. त्यातले काही कण चार अब्ज वर्षांहून जुने. मंगळाला एके काळी असलेलं आणि नंतर हरवलेलं चुंबकीय क्षेत्र कसं होतं, हे त्या दगडाने सांगितलं असतं. वाळवंटात कुणीतरी 'बघू चिकटतंय का' म्हणालं आणि विषय संपला.

"महाग तो महत्त्वाचा"

इथे आपल्या काटोलचं उदाहरण देतो. २२ मे २०१२ रोजी, भर दुपारी, नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात अशनी पडले. जात अगदी सामान्य. शास्त्रीय भाषेत एल-६. या जातीच्या दगडांना बाजारात फार कुणी विचारत नाही. सहारातले असे तुकडे ग्रॅमला एक-दोन डॉलरच्या आसपास मिळतात. पण २०२१ मध्ये खरगपूर आयआयटीच्या सुजॉय घोष आणि सहकाऱ्यांनी याच काटोलच्या दगडात ब्रिजमनाइट हे खनिज दाखवलं. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल सर्वाधिक असलेलं हे खनिज हाताशी जवळजवळ येतच नाही. भाव आणि ज्ञान यांची तागडी वेगवेगळी आहे. दगड मंगळाचा की चंद्राचा यावर भाव ठरतो. काटोलचा तारीखवार, पत्त्यासकट मिळालेला दगड भावात मागे आणि कामात पुढे.

काटोलनंतर काय, किंवा कुठल्याही बातमीनंतर काय, तर ओळखीपाळखीचे लोक काळ्या दगडांचे फोटो पाठवतात. लोणारला गेलेले तर हमखास. लोणारचं विवर अशनीच्या आघाताचंच, पण काठावरचा काळा दगड बेसाल्ट असतो, साधा आपला सह्याद्रीचा कातळ. घरी करण्याजोगी एक तपासणी आहे: न्हाणीघरातली उरलेली टाइल उलटी करा आणि खरखरीत बाजूवर दगड घासा. तांबडी किंवा ठळक काळी रेघ उठली तर बहुधा ते लोखंडाचं खनिज. अशनीची सहसा रेघ उठत नाही. नुकत्याच पडलेल्या अशनीवर पातळ काळी साल असते, आणि काहींवर कणकेत अंगठा दाबावा तसे उथळ खळगे. पोटात बुडबुड्यांची भोकं दिसली तर दगड बहुतेक इथलाच, किंवा भट्टीतली मळी. आणि कुणी 'इरिडियमचं भांडं, तांदूळ ओढतं, नासा विकत घेते' म्हणत आलं, तर दगड बाजूला ठेवून पोलीस ठाण्यात फोन करा. राईस पुलरच्या नावाने आपल्याकडे चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांनी घामाचे पैसे घालवले आहेत.

"मग व्यापारच बंद करा"

इथे मला ठाम बोलता येत नाही, आणि ठाम बोलणाऱ्यांवर माझा फारसा विश्वासही नाही. मंगळाचे जेमतेम ४०० अशनी आपल्याला माहीत आहेत आणि त्यांतले बरेच सहारातल्या लोकांच्या नजरेने सापडलेले. ब्लॅक ब्यूटीही व्यापारातूनच अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठापर्यंत पोचला. नवा अशनी अधिकृतपणे नोंदवायचा तर त्यातले २० ग्रॅम, किंवा दगड लहान असेल तर वजनाच्या २० टक्के, एखाद्या संस्थेत ठेवावे लागतात. म्हणजे मंगळाच्या २४ किलोंपैकी संशोधनासाठी राखून ठेवण्याची सक्ती फक्त चिमूटभराची. ही अट वाढवायला काय हरकत आहे, ते मला कळलेलं नाही. सरसकट बंदीने उंटपाळाचं उत्पन्न जाईल, दगड गुपचूप जातील, आणि खोटे पत्ते आणखी खोटे होतील.

ओमानने २००१ पासून वेगळी वाट धरली. निर्यातीला मनाई, पण स्वित्झर्लंडच्या बर्नमधल्या शास्त्रज्ञांबरोबर दरवर्षीच्या शोधमोहिमा. प्रत्येक दगडाची जागा नोंदवलेली, मालकी ओमानची, अभ्यास दोघांचा. याला खर्च येतो, आणि ओमानकडे तेलाचा पैसा आहे, शांतता आहे. नायजरकडे या दोन्ही गोष्टींची चणचण आहे.

सोमालियाकडे तर त्याहून कमी. तिथल्या एल अली गावाजवळ १५.२ टनांचा लोखंडी अशनी होता. उंट चारणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याला शीद-बिरूद म्हणजे लोखंडी दगड म्हणत. त्याच्यावर सुऱ्यांना धार लावत. त्याच्या ७० ग्रॅमच्या एका कापावरून कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात निसर्गात कधीच न आढळलेली नवी खनिजं ओळखली गेली. मूळ दगड तोवर गिऱ्हाइकाच्या शोधात चीनला रवाना झाला होता. नव्या खनिजांपैकी एकाचं नाव ठेवलंय एलालिआइट, गावावरून.