हिवाळ्यात फिरायला किती वाजता निघावे?

आपल्या मंडळाच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या गटातले आम्ही चौदा जण गेल्या महिन्यात शहराच्या हवेवरच्या एका जाहीर व्याख्यानाला गेलो होतो. व्याख्यान हिंदीत होते. मधले बरेच शब्द इंग्रजी होते आणि पडद्यावर आलेख भराभर सरकत होते. परतल्यावर पोह्यांच्या ठेल्यापाशी उभे राहून जी चर्चा झाली तीत निम्म्या लोकांना निम्मेच कळले होते असे दिसले. म्हणून आम्ही तिघांनी टिपणे जुळवली. मंडळाच्या वाचकांना उपयोगी पडेल ते मराठीत लिहून काढतो आहोत.

जाण्याचे कारण आधी सांगायला हवे. आमच्यातल्या एका काकूंना जुना दमा आहे. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितले आहे, आणि त्या नेमाने पहाटे सहाला येतात. दर वर्षी दिवाळीनंतर त्यांचा खोकला वाढतो आणि संक्रांतीपर्यंत दोनदा तरी वाफेचे यंत्र काढावे लागते. घरचे म्हणतात थंडी बाधते. काकू म्हणतात चालणे बंद केले तर गुडघे जातील. दोन्हींत तथ्य आहे, पण आणखी एक गोष्ट मध्ये आहे, ती व्याख्यानात समजली.

हवेत तरंगणाऱ्या कणांचे दोन मुख्य गट मोजतात. दहा मायक्रॉनपर्यंतचे कण म्हणजे पीएम १०, आणि अडीच मायक्रॉनपर्यंतचे म्हणजे पीएम २.५. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. रस्त्यावरची धूळ, बांधकामाची माती हे बहुतेक मोठ्या गटातले. त्यातले पुष्कळसे नाकात नि घशात अडकते, शिंकेवाटे किंवा खाकरून बाहेर पडते. बारीक कण मुख्यतः जळण्यातून येतात. डिझेल, लाकूड, कोळसा, कचरा, पालापाचोळा, काहीही जळो. हे कण फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि त्यांतले अगदी सूक्ष्म ते रक्तातही उतरतात. म्हणूनच हवेच्या प्रदूषणाचा संबंध केवळ दम्याशी नाही, हृदयविकाराशी आणि पक्षाघाताशीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे.

आता पहाटेचे. 'पहाटेची हवा शुद्ध' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. उन्हाळ्यात ते बरेचसे खरे आहे. हिवाळ्यात मात्र उलट होते, आणि त्याचे कारण सोपे आहे. एरवी जमिनीजवळची हवा तापते, वर चढते आणि धूर सोबत घेऊन जाते. हिवाळ्याच्या स्वच्छ रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. गार हवा जड, ती वर जात नाही. पातेल्यावर झाकण ठेवावे तसे होते. उन्हाळ्याच्या दुपारी धूर मिसळायला दोन किलोमीटर आणि त्याहून जास्त उंचीची जागा असते, हिवाळ्याच्या पहाटे ती काही शे मीटरवर येते. संध्याकाळच्या गाड्यांचा धूर, रात्रीच्या शेकोट्या, भट्ट्या, सगळे त्या झाकणाखाली साठून राहते. ऊन चांगले वर येऊन जमीन तापली की झाकण उघडते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत त्याला नऊ-साडेनऊ वाजतात, ढगाळ दिवशी अजून उशीर.

लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये असेच झाकण पाच दिवस हलले नाही. घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांचा धूर शहरातच कोंडला आणि त्या काळात सुमारे ४,००० जादा मृत्यू झाल्याचे तेव्हा मानले गेले. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा १२,००० पर्यंत जातो. त्यातूनच १९५६ चा तिथला स्वच्छ हवेचा कायदा आला. आपल्याकडचा वायुप्रदूषणाचा कायदा १९८१ चा.

यात चालण्याची भर. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. झपाझप चालताना ती तिप्पट-चौपट होते, आणि दम लागला की आपण तोंडाने श्वास घेतो, म्हणजे नाकाची चाळणीही गेली. काकू रोज सर्वांत वाईट हवेच्या तासात, सर्वांत जास्त श्वास घेत, एबी रोडच्या कडेने चालत होत्या.

उन्हाळ्यात हे गणित बदलते. एप्रिल-मे महिन्यांत कडक ऊन आणि गाड्यांचा धूर यांच्या संयोगाने जमिनीलगत ओझोन तयार होतो. वरच्या आकाशातला ओझोन आपले रक्षण करतो, खालचा मात्र श्वासनलिका जाळतो. तो दुपारी आणि दुपार कलताना जास्त असतो, पहाटे कमी. त्यात माळव्यात गहू निघाला की शेतांतून नरवाई जाळली जाते, त्याचा वास शहरापर्यंत येतो हे आपण सगळे जाणतो. तेव्हा उन्हाळ्यात पहाटच बरी. पावसाळ्यात फारसा विचार करायला नको, पाऊस हवा धुतो.

मोबाइलवर दिसणारा एक्यूआय म्हणजे हवेच्या दर्जाचा निर्देशांक, हा काय असतो यावर व्याख्यात्यांनी बराच वेळ दिला आणि ते बरे केले. आपल्या देशात तो आठ प्रदूषकांवरून काढतात. मोठे कण, बारीक कण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. प्रत्येकाचा वेगळा आकडा काढायचा आणि त्यांतला जो सर्वांत जास्त तोच त्या दिवसाचा निर्देशांक. बेरीज नाही, सरासरी नाही. परीक्षेतल्या सर्वांत वाईट विषयाचे गुण प्रगतिपुस्तकावर लिहावेत, तसा प्रकार. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर.

'मध्यम' या शब्दाने फसायला होते. समजा एका दिवशी पीएम २.५ ची चोवीस तासांची सरासरी दर घनमीटर हवेत ७५ मायक्रोग्रॅम आली. निर्देशांक साधारण १५० येईल आणि फलकावर मध्यम दिसेल. पण आपल्याच देशाची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची शिफारस १५ आहे. म्हणजे 'मध्यम' हवा शिफारशीच्या पाचपट. वर्षाच्या सरासरीचेही तसेच: आपली मर्यादा ४०, त्यांची शिफारस ५. धट्ट्याकट्ट्या माणसाला मध्यम दिवस जाणवणार नाही. दमा, हृदयविकार असलेल्यांना आणि लहान मुलांना तो जाणवू शकतो, आणि सरकारी तक्त्यातही 'मध्यम'समोर हेच लिहिलेले आहे.

दुसरी खोच अशी की हा आकडा बहुतेक प्रदूषकांसाठी मागच्या चोवीस तासांचा असतो. पहाटे सहाला मोबाइल पाहिला तर त्यात कालची मोकळी दुपारही मिसळलेली असते. त्यामुळे त्या क्षणी नाकाशी असलेली हवा आकड्यापेक्षा वाईट असू शकते. शिवाय आकडा मोजणाऱ्या केंद्राजवळचा. छोटी ग्वालटोलीचे केंद्र सरवटे बसस्थानकाच्या परिसरात (तात्या सरवट्यांच्या नावाचे ते आपलेच बसस्थानक). तिथली हवा आणि राजेंद्रनगरातल्या आतल्या गल्लीची हवा एक कशी असेल? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर केंद्रनिहाय आकडे दिसतात, आपल्या घराजवळचे केंद्र पाहावे.

प्रश्नोत्तरांत अपेक्षेप्रमाणे मोठा प्रश्न आमच्याच रांगेतून गेला. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिले, आणि स्वच्छ वायू सर्वेक्षणातही २०२३ साली दहा लाखांवरच्या शहरांत पहिले आले, २०२५ मध्ये पुन्हा. मग ही भीती कशाला? विचारणाऱ्यांच्या आवाजात थोडा राग होता, आणि आम्हाला तो समजतो. हे शहर आपण घडताना पाहिले आहे. उत्तर सरळ होते. वायू सर्वेक्षणात शहर काय काय करते याला गुण असतात: कचरा जाळणे थांबवले का, रस्ते यंत्राने झाडता का, गाड्या आणि कारखाने यांवर काय उपाय केले. हवेतले कण प्रत्यक्षात किती घटले याला त्यात अगदी थोडे गुण, तेही पीएम १० वरून. म्हणजे पहिला नंबर मेहनतीचा आहे आणि तो खरा आहे. पण तो 'इथली हवा सर्वांत शुद्ध' असा दाखला नव्हे. आम्हाला हे उत्तर पटले. काहींना नाही पटले, आणि ठेल्यावर जलेबी संपेपर्यंत वाद चालला.

ज्येष्ठ सभासदांनी गिरण्यांचे दिवस काढलेले. हुकुमचंद गिरणी १९९१ मध्ये बंद पडली, त्याआधी मालवा मिलच्या बाजूला वाळत घातलेल्या धोतरावर काजळी बसायची असे ते सांगतात. तो धूर डोळ्यांना दिसत होता, आताचा दिसत नाही. एवढाच फरक त्यांनी एका वाक्यात सांगितला, आणि आमच्या मते व्याख्यानातल्या कितीतरी आलेखांपेक्षा तो नेमका होता.

घरातल्या हवेविषयी व्याख्याते थोडेच बोलले, पण आम्हा बायकांना तेच जास्त लागू होते. बंब आणि चुली गेल्या, गॅस आला, तरी फोडणीचा धूर आहेच. तो होण्याआधीच पंखा लावावा, झाल्यावर नव्हे. डासांच्या अगरबत्तीचे मात्र ऐकून आम्ही चकित झालो. २००३ च्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते असे मोजले गेले. आपण ती नातवंडांच्या खाटेखाली लावतो! जाळी आणि मच्छरदाणी हा जुनाच उपाय बरा. उदबत्ती-धूप बंद करा असे कोणी म्हणत नाही. खिडकी उघडी ठेवून एक लावावी, दमेकऱ्याच्या खोलीत नको.

मास्कबद्दलही विचारणा झाली. कापडी रुमाल आणि सैल निळा मास्क धुळीला थोडा अडवतात, बारीक कणांना फारसा नाही. एन-९५ नाकाला घट्ट बसला तर अडवतो, पण तो लावून झपाझप चालणे दमेकऱ्याला जड जाते. त्यापेक्षा वेळ बदलणे सोपे.

आणि वेळ बदलण्यावरूनच गटात सर्वांत जास्त ताणाताणी झाली. सहाची वेळ आमची वीस वर्षांची. काहींना साडेसातला नातवंडे शाळेच्या बसमध्ये बसवायची असतात, काहींच्या पूजा असतात. शेवटी असे ठरले: दिवाळीपासून होळीपर्यंत मुख्य गट साडेनऊला निघेल, होळीनंतर पुन्हा सहाला. ज्यांना हिवाळ्यातही सहाच सोयीचे, त्यांनी एबी रोड सोडून बागेच्या आतल्या वाटेने फिरावे आणि गती कमी ठेवावी. मोठ्या रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेले तरी धुराचे प्रमाण बरेच उतरते. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी औषधात आणि व्यायामात बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

याखेरीज दोन गोष्टी मंडळाच्या हातातल्या आहेत आणि कार्यकारिणीपुढे मांडल्या आहेत. आवारातला पालापाचोळा माळी जाळतात, त्यासाठी मागच्या कोपऱ्यात खताचा खड्डा करावा. रात्रपाळीचे चौकीदार थंडीत टायरचे तुकडे आणि प्लास्टिक शेकोटीत टाकतात. त्यांना दटावून उपयोग नाही, थंडी त्यांनाच वाजते. दोन जाड रजया आणि चौकीत विजेची शेगडी यांचा खर्च फार नाही. वर्गणीसाठी चिठ्ठी फलकावर लावली आहे. काकूंनी पहिले नाव लिहिले आहे, आणि त्या आता साडेनऊच्या गटात येतात.