भीतीची मात्रा

१५ ऑक्टोबर २०२१. अमेरिकेत करोनाची साथ अजून पुरती ओसरलेली नव्हती. त्या दिवशी ‘हॅलोवीन किल्स’ हा भयपट चित्रपटगृहांत लागला आणि त्याच दिवशी ‘पीकॉक’ या ओटीटी मंचावर घरबसल्याही बघता येऊ लागला. सोफ्यावर पाय पसरून, दिवे लावून, नको वाटलं तर मध्येच थांबवून बघायची सोय होती. तरीही लोक घराबाहेर पडले. पहिल्या तीन दिवसांत तिथल्या चित्रपटगृहांचा गल्ला जवळपास पाच कोटी डॉलरवर गेला.

गंमत म्हणजे पडद्यावर काय घडणार, हे त्यातल्या बहुतेकांना आधीच ठाऊक होतं. त्या मालिकेतला हा बारावा चित्रपट. १९७८ पासून तोच पांढरा मुखवटा, तोच स्वयंपाकघरातला सुरा आणि तोच अवाक्षर न बोलणारा मायकल मायर्स. तो येणार, माणसं मरणार, अखेरीस तोही मेल्यासारखा वाटणार आणि मरणार मात्र नाही. मग साथीच्या दिवसांत, पदरचे पैसे मोजून, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून, माहीत असलेल्याच गोष्टीला घाबरायला माणसं का जातात?

वरवर हा करमणुकीचा प्रश्न वाटतो. पण गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञ, रक्तविज्ञानाचे अभ्यासक आणि चक्क वातावरणाचा अभ्यास करणारे रसायनशास्त्रज्ञही त्याच्या मागे लागले आहेत. त्यांना जे सापडलं, ते भयपटांच्या चाहत्यांपेक्षाही त्यांच्याबरोबर ओढून नेल्या जाणाऱ्यांच्या अधिक कामाचं आहे.

मुखवट्याचं घराणं

‘स्लॅशर’ हा भयपटांचा एक उपप्रकार. त्यात भूतखेत असेलच असं नाही. मुखवटा घातलेला खुनी, हातात धारदार शस्त्र, एकेक करून बळी पडणारी तरुण मंडळी आणि शेवटी त्याच्याशी झुंजून उरणारी एखादी मुलगी, असा त्याचा ठरलेला साचा. जॉन कारपेंटर यांनी पहिला ‘हॅलोवीन’ सुमारे तीन लाख डॉलरमध्ये केला. मुखवट्यासाठीही हात आखडता होता. ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा स्वस्तातला मुखवटा आणून पांढरा रंगवला गेला. चित्रपटाने मात्र खर्चाच्या कित्येक पट कमाई केली. मग १९८० मध्ये ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ आला, १९८४ मध्ये ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ आला आणि प्रत्येकामागे पुढच्या भागांची रांग लागली.

याच कुळातल्या ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या चित्रपटातला चकी नावाचा बाहुला मराठी प्रेक्षकांना दुसऱ्याच नावाने भेटला. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मधला (१९९३) तात्या विंचू हा त्याचाच भाऊबंद. तोही वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, दुसऱ्या भागातून आणि थ्रीडी चष्म्यातून परत आला. त्याला बघायला आलेल्यांत लहानपणी त्याला घाबरलेले कितीतरी जण होते आणि ते आपली मुलं घेऊन आले होते.

रक्त खरंच गोठतं?

पडद्यावर दार करकरतं आणि आपलं अंग आक्रसतं. डोळ्यांना दिसलेल्या, कानांना ऐकू आलेल्या धोक्याची दखल मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग क्षणार्धात घेतो. ॲड्रेनल ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात येतं. छाती धडधडते, तळहात घामेजतात, स्नायू ताठरतात. हे सगळं झाल्यावर मेंदूचा पुढचा, विचार करणारा भाग सांगतो, ‘अरे, हा तर सिनेमा आहे!’ शरीर आधी घाबरतं, मन त्याला मागाहून समजावतं.

‘रक्त गोठवणारा चित्रपट’ असं आपण सहज म्हणून जातो. नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या संशोधकांनी हा वाक्प्रचार शब्दशः तपासला. २४ निरोगी तरुणांना त्यांनी एकदा ‘इन्सिडियस’ हा भयपट आणि एकदा शॅम्पेन कशी तयार होते यावरचा माहितीपट दाखवला. दोन्हींच्या आधी आणि नंतर त्यांचं रक्त तपासलं. भयपटानंतर रक्त गोठायला मदत करणाऱ्या ‘फॅक्टर आठ’ या प्रथिनाची पातळी वाढलेली आढळली. जन्मतः या प्रथिनाची कमतरता असेल तर हिमोफिलिया होतो, हे अनेकांना माहीत असेल. प्रत्यक्षात गुठळी तयार होऊ लागल्याची चिन्हं मात्र दिसली नाहीत. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. याचा एक अर्थ असा लावता येतो, की शरीर जखम होण्याच्या शक्यतेने आधीच तयारीला लागतं. रक्त गोठत नाही, पण गोठायला सज्ज होतं. सुरा पडद्यावरचा आहे, हे रक्ताला कुठे ठाऊक असतं?

मग यात मजा कसली? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकात त्याचं एक उत्तर सुचवलं. एका भावनेने शरीरात आलेली उत्तेजना लगेच ओसरत नाही. ती मागे रेंगाळते आणि पुढच्या भावनेला जोर देते. नायिका वाचली की सुटकेचा आनंद होतो. मघाची धडधड अजून थांबलेली नसते, त्यामुळे तो आनंद एरवीपेक्षा मोठा वाटतो. किंकाळीपाठोपाठ चित्रपटगृहात हशा का पिकतो, याचाही उलगडा यात होतो.

ना कमी, ना जास्त

पण भीती जितकी जास्त तितकी मजा जास्त, असं सरळ गणित नाही. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठात करमणुकीसाठी अनुभवलेल्या भीतीचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळाच आहे. मॅथियस क्लासन आणि त्यांचे सहकारी तिथे काम करतात. त्यांनी वाइले गावातल्या, जुन्या मासळीच्या कारखान्यात उभारलेल्या एका ‘भुताच्या वाड्या’त ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून पाठवलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भीती आणि आनंद यांचा आलेख उलट्या ‘यू’ अक्षरासारखा निघाला. भीती फार कमी असली तर कंटाळा, फार जास्त झाली तर त्रास. मजा मधल्या उंचवट्यावर होती.

थोडक्यात, भीतीचीही औषधासारखी मात्रा असते. आणि ती प्रत्येकाची निराळी असते.

याच गटाच्या आधीच्या एका अभ्यासात आणखी एक सुंदर गोष्ट दिसली. काही जण स्वतःला जास्तीत जास्त घाबरवून घेत होते. काही जण मात्र डोळे मिटून, सोबत्याचा हात घट्ट धरून, ‘हे खोटं आहे’ असं मनाशी घोकत भीती आवरत होते. बाहेर आल्यावर दोघांचं समाधान सारखंच होतं. म्हणजे बोटांच्या फटीतून सिनेमा बघणारा भित्रा नसतो. तो आपली मात्रा आपणच मोजून घेत असतो.

पुढचा भाग का हवा?

आता पुन्हा त्या बाराव्या भागाकडे येऊ. पुढच्या भागात चाहत्याला चौकट ठाऊक असते. खुनी कोण, त्याची चाल कशी, संगीत कधी बदलतं, हे तो जाणतो. माहीत नसतं ते एवढंच, की तो नेमका कधी आणि कुठून येईल.

हे ‘एवढंच’ मोठं असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरच्या खेळात दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचं, आणि साप निघाला तर हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका. झटका नक्की बसणार हे माहीत असतानाच्या तुलनेत, बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना लोकांना जास्त ताण आला. अनिश्चितता ही अशी जाळते. स्लॅशरचा पुढचा भाग मोठी अनिश्चितता काढून घेतो आणि छोटी ठेवतो, असं म्हणता येईल. चाहत्याच्या हाती लगाम येतो आणि घोडाही उधळलेला राहतो.

शेवट कळल्याने गोष्टीतली गोडी जातेच असं नाही, हेही दिसून आलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत २०११ मध्ये झालेल्या अभ्यासात वाचकांना काही कथांचा शेवट आधीच सांगून टाकला, तरी त्या त्यांना कमी नव्हे, उलट थोड्या जास्तच आवडल्या.

म्हणूनच चौकट मोडली की चाहते चिडतात. १९८२ च्या तिसऱ्या ‘हॅलोवीन’मध्ये मायकल मायर्सची कहाणीच नव्हती. प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि १९८८ च्या चौथ्या भागाला, त्याच्या पुनरागमनाची ग्वाही थेट नावातच द्यावी लागली. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या पाचव्या भागात (१९८५) मुखवट्यामागे जेसनऐवजी भलताच माणूस निघाला. पुढच्याच वर्षी वीज पाडून जेसनला थडग्यातून उठवावं लागलं. २०२२ च्या ‘हॅलोवीन एंड्स’मध्ये एका नव्याच तरुणाला मध्यभागी आणल्यावर चाहत्यांत उभी फूट पडली. दुसरीकडे, तेच ते दिलं की मेंदू सरावतो आणि दचकणं कमी होतं. मग जेसनला अंतराळात पाठवण्याची पाळी येते. तेही करून झालं आहे.

चाहत्यांची ही कुरकुर लहरीपणाची वाटते, पण ती मात्रेबद्दलची तक्रार आहे. ‘मला झेपते, मला हवी आहे, ती भीती द्या,’ एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

अंधारातले शेजारी

राहिला प्रश्न चित्रपटगृहाचा. जर्मनीतल्या माइन्झ इथल्या माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका चित्रपटगृहातून बाहेर पडणारी हवा सतत मोजली. सोळा चित्रपट, शंभराहून अधिक खेळ. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ‘हंगर गेम्स’च्या दुसऱ्या भागात थरारक प्रसंग आले की हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन हे दोन्ही वायू वाढत. वेगवेगळ्या खेळांना, वेगवेगळे प्रेक्षक असूनही, चढ त्याच प्रसंगांशी येत होता. स्नायू ताठरले, श्वास रोखून सोडला, की आयसोप्रीन उच्छ्वासातून बाहेर पडतं. म्हणजे ‘सगळं थिएटर श्वास रोखून बसलं होतं’ हे वाक्य अलंकारिक नाही. हवेत त्याची नोंद होते. घरच्या सोफ्यावर हा सामुदायिक श्वास मिळत नाही.

पण शेजाऱ्यांचं दडपणही असतं. झिलमन यांनी १९८६ मध्ये तरुण-तरुणींना जोडीने ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा तिसरा भाग दाखवला. जोडीतली एक व्यक्ती संशोधकांनीच पढवलेली होती. शेजारची मुलगी घाबरली की मुलांना सिनेमा जास्त आवडला. शेजारचा मुलगा घाबरला की मुलींना तो कमी आवडला. मुलाने घाबरायचं नाही आणि मुलीने घाबरायचं, हा अलिखित नियम पडद्याइतकाच खुर्च्यांतही चालू होता. चाळीस वर्षांनंतर आपल्या कॉलेजच्या कट्ट्यांवर तो पूर्ण पुसला गेला आहे, असं म्हणवत नाही.

ज्याला मात्रा मानवत नाही

इथे आरोग्याचा प्रश्न येतो. भयपट सरसकट वाईट नाहीत. करोनाच्या पहिल्या लाटेत सुमारे तीनशे अमेरिकी लोकांच्या पाहणीत भयपटांच्या चाहत्यांनी मानसिक त्रास कमी झाल्याचं सांगितलं होतं. भीती हाताळायचा सराव त्यांना उपयोगी पडला असावा, असा संशोधकांचा कयास. अर्थात, मुळात खंबीर असलेलेच भयपटांकडे वळत असतील, ही शक्यता अशा पाहणीतून खोडता येत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे दीडशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी ९० टक्क्यांनी लहानपणी किंवा किशोरवयात पडद्यावरच्या कशाने तरी घाबरल्याचं सांगितलं. आणि जवळपास एक चतुर्थांश जणांच्या मनात ती अस्वस्थता अजूनही शिल्लक होती. कोणी झोपताना दिवा लावत होतं, कोणी विशिष्ट जागा टाळत होतं. यांतल्या कितीतरी जणांनी तो सिनेमा स्वतः निवडलेला नसतो. दादा बघत होता, मित्र बोलावत होते, ‘घाबरलास?’ असं कोणी विचारू नये म्हणून ते बसून राहिलेले असतात.

म्हणून काही साध्या गोष्टी. ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट १८ वर्षांखालील मुलांसाठी नाही, आणि ‘यूए’चे आता ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आहेत, ते वाचूनच तिकीट काढा. चित्रपटगृहाच्या दारावर निदान कोणीतरी अडवतं, मोबाइलला दारवान नसतो. मूल घाबरलं असेल तर हसू नका. लहान मुलाला ‘ते खोटं आहे’ एवढं सांगणं पुरत नाही, त्याला जवळ घ्यावं लागतं. पॅनिक अटॅकचा त्रास असलेल्यांनी किंवा प्रत्यक्ष हिंसाचार अनुभवलेल्यांनी असा सिनेमा टाळला तर त्यात कमीपणा नाही. फिट येण्याचा आजार असेल आणि लुकलुकत्या प्रकाशाने त्रास होत असेल, तर डॉक्टरांना विचारूनच जावं. आणि भीतीने आठवड्यानंतरही झोप लागत नसेल, तर ते ‘नाटक’ समजू नये, मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं.

पुढच्या वेळी मित्रांची टोळी पुढचा भाग बघायला निघेल. त्यातला एखादा सिनेमाभर डोळ्यांवर हात धरून बसेल, किंवा मध्यंतरातच ‘मी बाहेर थांबतो’ म्हणेल. त्याला चिडवू नका. त्याची मात्रा पूर्ण झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. बाहेर आल्यावर त्यालाही चहा सांगा.